जुन्या शहरात खुला रंगमंच आणि पायी रस्ता: सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: शहराच्या जुन्या गाभ्यात एक चौक आहे, त्याला तीन अरुंद रस्ते येऊन मिळतात. चौकात कायमचा खुला रंगमंच करायचा आहे, मुख्य रस्ता पायी चालणाऱ्यांसाठी राखायचा आहे, आणि दोन्ही कामं टिकाऊ, पर्यावरणाला जड न होणारी हवी आहेत. मंच केवढा, त्यावर छप्पर कसलं, फरसबंदीला दगड कोणता, आणि सुरुवात कुठून?

छपराचं उत्तर लगेच देऊन टाकतो. कायमचं छप्पर नको. वाऱ्याचा जोर पेलायला त्याला खोल पाया लागतो, आणि जुन्या शहरात खोल खणलं की खालचे थर फुटतात. शिवाय ज्या इमारतींमुळे तो चौक चौक झाला, त्याच झाकल्या जातात. खांब रोवण्यासाठी जमिनीत झाकणं असलेल्या खोबण्या ठेवा, म्हणजे गरजेपुरतं कापड ताणता येईल. भिंतींना मात्र कधीही दोर बांधू नका, खिळे तर नकोतच.

बाकीच्या प्रश्नांचा क्रम मी उलटा लावेन. मोठे कार्यक्रम वर्षात फार तर तीस-चाळीस संध्याकाळी होतात. उरलेले सव्वातीनशे दिवस तो मंच काय करणार? रिकाम्या उंच ओट्याचं काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे: मागे कचरा, पुढे दुचाक्या, आणि वर्षभरात लोखंडी कुंपण. म्हणून आधी रोजचा चौक आखायचा आणि कार्यक्रम त्यात सामावून घ्यायचा.

इटलीतल्या सिएनाचा पियाझ्झा देल कॅम्पो या दृष्टीने पाहा. विटांची ती फरसबंदी १३४९ साली पूर्ण झाली. चौक नऊ भागांत विभागलेला आहे आणि सगळे भाग नगर-प्रासादाच्या पुढ्यातल्या सखल बिंदूकडे उतरतात. पावसाचं पाणी तिथल्या एका तोंडातून खाली जातं. त्याच ढाळामुळे मागे उभ्या असलेल्यालाही पुढचं दिसतं. एरवी लोक सरळ त्या उतारावर बसतात, जेवतात, लोळतात. तिथे ना मंच बांधलाय ना बैठका, तरी शतकानुशतकं ती युरोपातल्या उत्तम सार्वजनिक जागांपैकी एक मानली जाते.

तेव्हा पहिलं काम पातळ्या मोजण्याचं. चौकात तीस मीटरमागे एक मीटर उतार मिळाला तर अर्धं काम झालंच: चाकाच्या खुर्चीला तो चढ जड नाही, पाणी वाहतं, आणि सखल टोकाला कलाकार उभे राहिले की उंच मंच लागतच नाही. चौक अगदी सपाट असेल तर एका कडेला तीन-चार रुंद पायऱ्या पुरतात. बसायची पायरी ४० ते ४५ सेंटिमीटर उंच आणि ८०-९० सेंटिमीटर खोल. चढण्यासाठी मधूनमधून १५ सेंटिमीटरच्या आतल्या पायऱ्या. पायऱ्यांच्या शेजारी उतरण हवीच, शक्यतो वीसास एक, म्हणजे वीस मीटरमागे एक मीटर चढ. बारास एक ही शेवटची मर्यादा समजा. आणि ती उतरण मुख्य वाटेवरच असू द्या. मागच्या बाजूने, कचरापेटीजवळून नेलेली उतरण नियमात बसते, पण वापरणाऱ्याचा अपमान करते.

पाण्याचा विषय इथेच संपत नाही. जुन्या रस्त्यांचं खरं दुखणं बहुतेक वेळा त्यांच्या जाडीत असतं. प्रत्येक डागडुजीत जुन्यावर नवा थर चढतो, रस्ता वर येतो, घरांची जोती बुडतात आणि पाणी उंबरठा ओलांडतं. त्यात कोणीतरी भिंतीला भिडेपर्यंत काँक्रीट ओततं. एरवी जमिनीतून हवेत जाणारी ओल मग भिंतीतून वर चढते, क्षार बाहेर येतात, चुन्याचा गिलावा फुगून सुटतो. घरमालक तो सिमेंटने दुरुस्त करतो आणि ओल आणखी वरच्या मजल्याकडे सरकते. चित्रातला दगड कितीही देखणा असो, हे चक्र तोडलं नाही तर तुमचा प्रकल्प दहा वर्षांत शेजारच्या भिंती खाईल.

उपाय साधे आहेत, पण निविदेत स्पष्ट लिहावे लागतात. वरचे थर खरवडून मूळ पातळीला या. भिंतीलगत साधारण ३० सेंटिमीटरची पट्टी खडीची किंवा चुन्याच्या सांध्यांची ठेवा, म्हणजे जमीन श्वास घेईल. ढाळ भिंतीपासून दूर, रस्त्याच्या मधल्या पन्हळीकडे द्या. दगड सिमेंटच्या गादीवर न चिकटवता रेती-खडीच्या थरावर बसवा. हे करताना ठेकेदार कुरकुर करतील, कारण काँक्रीटवर चिकटवलेली फरशी पहिल्या वर्षी जास्त सरळ दिसते. पण जलवाहिनी फुटली की ती फोडावी लागते. खडीवरचा दगड उचलून परत ठेवता येतो. त्यातच टिकाऊपणा आहे.

दगड जवळच्या खाणीतला, कठीण, कमी पाणी शोषणारा घ्या. वाहतुकीचा कार्बन तर वाचतोच, शिवाय वीस वर्षांनी जोड मिळतो. जिथून मालाची वाहनं जाणार तिथे मोठ्या पातळ फरश्या टाळा, त्या कोपऱ्यांतून तुटतात. लहान आणि जाड चिरे भार चांगला वाटून घेतात. वरचा भाग सपाट कापलेला पण खरबरीत केलेला असावा आणि सांधे बारीक. गोलसर दगडांची जुनी फरसबंदी वारसा म्हणून राखायची असेल तर तिच्यातून दीड मीटर रुंदीची सपाट पट्टी काढा. वॉकरवाला म्हातारा माणूस आणि बाबागाडी ढकलणारी आई त्या पट्टीवरूनच जातील.

नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमचा बेंथमप्लाइन हा २०१३ सालचा 'पाण्याचा चौक' तुम्हाला कोणीतरी दाखवेलच. खोलगट अंगण, भोवती पायऱ्या, कोरड्या दिवशी खेळ आणि कार्यक्रम, जोरदार पावसात तेच अंगण सुमारे सतरा लाख लिटर पाणी साठवून ठेवणाऱ्या व्यवस्थेचा भाग. कल्पना फारच चांगली आहे. पण रॉटरडॅमचा गाभा १९४० च्या बॉम्बफेकीत गेला आणि नव्याने बांधला गेला. तिथे खणायला मोकळीक आहे. तुमच्या चौकाखाली तळघरं, जुनी टाकी, बुजलेल्या विहिरी, विटांची गटारं निघतील. जमिनीखालचं दाखवणारं रडार-सर्वेक्षण आणि चार-सहा चाचणी-खड्डे यांवरचा खर्च वाचवू नका. दाटीने उभ्या गर्दीचा भार चौरस मीटरला ५०० किलो धरतात. जुन्या कमानीवर तो एकदम आला तर काय, हे मंचाच्या आराखड्याआधी कळायला हवं. आणि काम चालू असताना कंपन देणारा रोलर बंद. जर्मन मानक डीआयएन ४१५० जुन्या, नाजूक इमारतींच्या पायाशी कमी कंपनसंख्येला सेकंदाला ३ मिलिमीटर एवढाच हादऱ्याचा वेग मान्य करतं. रोलर ती मर्यादा सहज ओलांडू शकतो.

आता आवाज. माझ्या मते रंगमंच आणि पायी रस्ता हे दोन वेगळे प्रकल्प नाहीत, याचं कारण हेच. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. कसलेल्या नटाचा फेकलेला आवाज एका मीटरवर ७४ डेसिबल धरला तर सोळा मीटरवर तो ५० उरतो. ज्या अरुंद रस्त्यावर मोटारी चालू आहेत तिथला पार्श्वध्वनी ६५ च्या आसपास सहज असतो, म्हणजे नट बुडाला. मोटारी थांबल्या की तोच ५० च्या खाली येऊ शकतो. मग पाठीमागे एक भक्कम दगडी भिंत मिळाली की तिच्या परावर्तनाने दोन-तीन डेसिबल आणखी पदरात पडतात आणि ध्वनिक्षेपकाशिवाय छोटा प्रयोग ऐकू येतो. ध्वनियोजनेतला सगळ्यात परिणामकारक निर्णय असा वाहतुकीच्या नकाशावर होतो. ध्वनितज्ज्ञाला आणि वाहतूकतज्ज्ञाला पहिल्या बैठकीपासून एकत्र बसवा, नंतर नाही.

समोरच्या भिंतीकडेही लक्ष असू द्या. परावर्तित आवाज मूळ आवाजापेक्षा सतरा मीटरहून जास्त वाट चालून आला, तर बोलणं दुहेरी ऐकू यायला लागतं. चौक तीस मीटर खोल असेल तर समोरच्या सपाट दर्शनी भिंतीवरून परतणारा आवाज पुढच्या रांगांना नक्की त्रास देतो. सज्जे, कोनाडे, कोरीव पट्ट्या, लाकडी झडपा आवाज विखुरतात. म्हणून 'सुशोभीकरणा'त या गोष्टी काढून भिंती गुळगुळीत करण्याला ध्वनीच्या कारणानेही विरोध करा. प्रेक्षक त्या भिंतीपर्यंत मागे बसवले तर माणसंच बराच आवाज शोषून घेतात.

एपिडॉरसचं नाव या चर्चेत निघतंच. इसवी सनपूर्व चौथ्या शतकातलं ते ग्रीक नाट्यगृह, ५५ रांगा, 'नाणं पडलेलं शेवटच्या रांगेत ऐकू येतं' ही कथा. २००७ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की चुनखडीच्या पायऱ्यांची रचना खालच्या पट्टीचा गोंगाट गाळते. पुढे आइंडहोवनच्या तंत्रविद्यापीठाच्या चमूने तिथे प्रत्यक्ष मोजमापं घेतली, तेव्हा कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत समजते हा दावा टिकला नाही. मला यातून एवढंच घ्यावंसं वाटतं: तिथेही खरं काम करतो तो तीव्र चढ, आणि आसपासची शांतता. पायऱ्यांचा आकार उचलून गजबजलेल्या चौकात बसवला तर एपिडॉरस होत नाही.

अंतराचा दुसरा हिशेब चेहऱ्याचा आहे. डॅनिश नगररचनाकार यान गेल यांनी वर्षानुवर्षं रस्त्यांवर निरीक्षणं करून मांडलेलं माप सोपं आहे: चेहऱ्यावरचे भाव साधारण २०-२५ मीटरपर्यंतच वाचता येतात. वीस मीटर त्रिज्येच्या अर्धवर्तुळात वाटा सोडून सहा-सातशे माणसं बसतात. माझा आग्रह असा की कायमची रचना एवढ्याच गर्दीसाठी करा. वर्षातून दोनदा येणारी मोठी गर्दी भाड्याच्या साहित्यावर सोडा. खरं तर एका मोठ्या मंचाऐवजी रस्त्यावर दोन-तीन ठिकाणी दहा-पंधरा माणसं थांबू शकतील असे रुंद कोपरे मला अधिक मोलाचे वाटतात. एकटा वादक, कठपुतळीवाला, शाळेचं पथनाट्य यांना मंच लागत नाही, पाठीला भिंत आणि लोकांच्या वाटेबाहेरची जागा लागते.

मोठे ध्वनिक्षेपक लागतीलच तेव्हा दोन उंच मनोऱ्यांऐवजी अनेक छोटे, कमी आवाजाचे, प्रेक्षकांच्या जवळ लावा. मीटरमागे सुमारे तीन मिलिसेकंद उशीर दिला की आवाज मंचावरूनच येतोय असं वाटतं. जुन्या लाकडी खिडक्या खालच्या पट्टीचा आवाज अडवत नाहीत, म्हणून मर्यादा ठरवताना एकूण डेसिबलबरोबर ढोल-बेसच्या पट्टीची मर्यादाही वेगळी लिहा. रहिवाशांच्या तक्रारी बहुधा त्याच धडधडीच्या असतात.

यानंतर गर्दी, आणि इथे मी मवाळ नाही. चौकात किती माणसं मावतात यावर क्षमता ठरत नाही. ती बोळाच्या तोंडाशी ठरते. क्रीडांगणांच्या ब्रिटिश सुरक्षा-मार्गदर्शिकेत सपाट वाटेवरून मीटर रुंदीमागे मिनिटाला ८२ माणसं आणि पायऱ्यांवरून ६६ असा दर धरलाय. समजा, तुमचे तीन रस्ते त्यांच्या अरुंद जागी दोन, दोन आणि तीन मीटर आहेत. सगळ्यात रुंद रस्ता बंद पडला असं गृहीत धरा. उरले चार मीटर. आठ मिनिटांत चौक रिकामा व्हायचा तर चार गुणिले ८२ गुणिले आठ, म्हणजे सुमारे २,६००. चौकात पाच हजार माणसं मावत असली तरी परवानगी २,६०० चीच. मोजणी हॉटेलांची टेबलं, फलक आणि कुंड्या मांडल्यानंतरच्या रुंदीची करायची. सोलमधल्या इटेवॉनमध्ये २९ ऑक्टोबर २०२२ रोजी १५९ माणसं दगावली ती एका उताराच्या, सव्वातीन मीटरच्या आसपास रुंद गल्लीत, दोन्ही बाजूंनी लोक आत शिरत राहिल्यामुळे. त्या रात्री गर्दीला आयोजकच नव्हता. म्हणून येण्याची आणि जाण्याची वाट वेगळी, आणि अग्निशमन गाडीसाठी पावणेचार मीटरची एक वाट पूर्ण मोकळी. ती मिळत नसेल तर ठराविक अंतरावर पाण्याची जोडणी आणि अग्निशमन दलाशी लेखी ठरवलेली लहान गाडी.

रस्त्याबद्दल दुकानदार सगळ्यात आधी ओरडतील, आणि त्यांचं ऐका, पण घाबरू नका. कोपनहेगनमध्ये स्ट्रॉगेट हा बाजाराचा मुख्य रस्ता १९६२ साली मोटारींना बंद झाला तेव्हाही व्यापारी हवालदिल होते. तिथे शहाणपण होतं ते संथपणात: सुरुवातीचं १५,८०० चौरस मीटरचं मोटारमुक्त क्षेत्र सुमारे चार दशकांत एक लाख चौरस मीटरच्या घरात गेलं, आणि दरम्यान पार्किंगही दरवर्षी थोडं थोडं कमी होत राहिलं.

मात्र एकच रस्ता बंद केला तर वाहनं शेजारच्या गल्लीत घुसतात. त्यासाठी नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनने १९७७ मध्ये आणि बेल्जियममधल्या घेंटने २०१७ मध्ये वापरलेली पद्धत अभ्यासा: गाभ्याचे विभाग पाडायचे, प्रत्येक विभागात गाडीने जाता येतं, पण एका विभागातून दुसऱ्यात जायचं तर बाहेरच्या वळसा-रस्त्यावरूनच. आरपार जाणारी वाहतूक आपोआप गळते आणि घरापर्यंत जाण्याचा कोणाचा हक्क जात नाही. स्पेनमधलं पाँतेवेद्रा १९९९ पासून याहून पुढे गेलंय. त्यांनी रेल्वेच्या नकाशासारखा पायी अंतरांचा नकाशा काढला, ठिकाणांमध्ये चालायला किती मिनिटं लागतात ते दाखवणारा. स्वस्त उपाय आहे, पहिल्याच महिन्यात करता येतो.

माल आणि कचरा यांचं वेळापत्रक फरसबंदीच्या आधी ठरवा. दिल्लीच्या चांदनी चौकात सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना बंदी आहे, म्हणजे माल रात्री-पहाटे यावा हे त्यात गृहीत आहे. तुमच्याकडे रहिवासी रस्त्यावरच्या मजल्यांवर झोपत असतील तर रात्रीच्या लोखंडी हातगाडीचा खडखडाट हाच नवा त्रास होईल. रबरी चाकं सक्तीची करा. गाभ्याच्या कडेला माल उतरवण्याची जागा आणि तिथून छोट्या विजेरी गाड्या, ही जोडी बहुतेक ठिकाणी चालते. आजारी माणूस, प्रेत, लग्नाचं सामान, अपंगांचं वाहन यांसाठी परवानगी कोण आणि किती मिनिटांत देणार, हे कागदावर नसेल तर वाहनं अडवणारे खांब पहिल्याच आठवड्यात उखडले जातात.

रस्ता एकाच पातळीचा करायची सध्या आवड आहे. दिसायला छान, पण पांढऱ्या काठीवाल्याला वाट कुठे संपते ते कळत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या चाचण्यांत ६० मिलिमीटरच्या आतली कड खात्रीने ओळखता आली नाही. जिथे कधीही वाहन येणार आहे तिथे निदान ६० मिलिमीटरची कड ठेवा, किंवा निदान स्पर्शाने कळणारी रुंद पट्टी सलग न्या. सलग म्हणजे सलग. दुकानदाराच्या फलकापाशी संपणारी नाही.

विजेचं बोलायचं राहिलं. खुल्या कार्यक्रमांचा सगळ्यात घाण भाग डिझेलचं जनित्र असतं: धूर, आवाज, आणि जुन्या भिंतींवर काजळी. चौकात झाकणाखाली थ्री-फेज जोडणीचे दोन-तीन खड्डे, पाण्याचा नळ, सांडपाण्याचं तोंड आणि रिकाम्या नळ्या आधीच टाकून ठेवल्या की जनित्राची गरज बहुधा उरत नाही. सौर पॅनेलच्या कमानीपेक्षा याचा उपयोग कितीतरी जास्त, फक्त फीत कापायला काही दिसत नाही. सावलीसाठी झाडं लावाच, पण मुळांना माती मिळेल तिथेच; बाकी ठिकाणी सेव्हिलमध्ये उन्हाळ्यात गल्ल्यांवर ताणतात तशी कापडं पुरेत. प्रेक्षकांची तोंडं मावळतीकडे नकोत.

शेवटी कारभार. १५ जुलै १९८९ ला व्हेनिसच्या पाण्यावर तरंगत्या मंचावर पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा कार्यक्रम झाला, सुमारे दोन लाख लोक आले. शौचालयांची सोय नव्हती, कचऱ्याचे ढीग पडले, शहराच्या सत्ताधाऱ्यांना पायउतार व्हावं लागलं. तिथे मंचाच्या रचनेत काही चुकलं नव्हतं. तुमच्या प्रकल्प अहवालात म्हणून या गोष्टी आराखड्याइतक्याच ठळक हव्यात: वर्षाला मोठ्या आवाजाच्या रात्री किती, दोन रात्रींमध्ये शांततेचे दिवस किती, तारखा ठरवणाऱ्या समितीत रहिवासी किती, अनामत किती, शौचालयं कुठे उभी राहणार. स्थानिक कलाकारांना बिनभाड्याच्या ठराविक संध्याकाळी राखून ठेवा, नाहीतर दोन वर्षांत तो चौक जाहिरातींच्या मांडवांचा होतो. रस्ता देखणा झाला की भाडी वाढतात. शिंपी, सायकल दुरुस्तीवाला, किराणा यांच्या जागा टिकवायच्या असतील तर वापरबदलाचे नियम फरसबंदीच्या निविदेआधी लागू करा, नंतर उशीर होतो.

आणि दगडांची मागणी नोंदवताना शंभराला सात-आठ जादा चिरे मागवून पालिकेच्या गोदामात क्रमांक घालून ठेवा. खणणाऱ्या प्रत्येक खात्याने दगड उचलून त्याच जागी परत बसवायचे, न बसवल्यास अनामतीतून कापायचं, ही अट पहिल्या करारातच घाला. ते बसवायला पालिकेच्या सेवेत दोन पाथरवट कायम हवेत.